चुकून आलेल्यांचं पान

६ जानेवारी

सूनबाई,

तू गेल्याला आज सोळा दिवस झाले. तुझी खुशाली नातवाकडून कळते, पण त्याची खुशाली म्हणजे "बरी आहे" एवढीच. तेवढी तर कुंडीतल्या झाडाचीही सांगता येते. मला फोन करू नकोस. मला अर्धं ऐकू येत नाही आणि तू ओरडून बोललीस की शेजारच्यांना पुरतं ऐकू जातं. पत्र लिही. माझी शाळा चौथीत सुटली, तरी जोडाक्षरं सोडून सगळं वाचते, आणि जोडाक्षरांचा अंदाज बांधते.

घरात तुझ्या कामाबद्दल तीन मतं आहेत. माझा नातू, म्हणजे तुझा नवरा, म्हणतो, वेबसाइटचं काम आहे. तुझी सासू म्हणते, दवाखान्यातली पक्की नोकरी सोडून खुर्चीत बसायला गेली. तुझे सासरे काहीच म्हणत नाहीत, म्हणजे सासूचंच म्हणतात. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर "जाऊ दे तिला" म्हणाले ते काही मला तुझं काम कळलं म्हणून नव्हे. तू दवाखान्याच्या काउंटरवर नऊ वर्षं नंबराच्या चिठ्ठ्या फाडल्यास आणि तुझा चेहरा त्या चिठ्ठीसारखा झाला होता, म्हणून म्हणाले.

आता तीन महिन्यांनी त्यांनी तुला ठेवून घेतलं नाही, तर तू काउंटरवर परत आणि मी या घरात तोंड मिटून कोपऱ्यात. तेव्हा तिथे नेमकं काय करतेस ते मला समजेल असं लिही. तुला ते मला समजावता आलं नाही तर तुलाच समजलेलं नाही असं धरून चालेन.

तुझी आजेसासू

१५ जानेवारी

आजी,

वाकून नमस्कार. इथल्या खुर्चीने कंबर वाकवलेलीच आहे, त्यामुळे वेगळे कष्ट पडत नाहीत.

आमचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याची एक खोली. लांबच लांब टेबल, सहा माणसं. खिडकीला पडदा नाही, म्हणून ऊन आत येईल तसतसे आम्ही खुर्च्या सरकवत जातो. तीन वाजता सहाही जण टेबलाच्या एका टोकाला येऊन बसलेले असतात. मालकीणबाईंना सगळे नुसतं "बाई" म्हणतात. माझ्या शेजारी टोपीवाला. उकाड्यातही टोपी काढत नाही. वयाने माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, कामात आठ वर्षांनी मोठा.

आम्ही एका मोठ्या इस्पितळाची वेबसाइट करतोय. पेशंटच्या माणसांना घरबसल्या कळावं, कुठला वॉर्ड कुठे आहे, भेटायची वेळ काय, कोणते डॉक्टर कोणत्या वारी बसतात. वीस फेब्रुवारीला ती इस्पितळाच्या लोकांना दाखवायची आहे. मी राहणार की जाणार ते त्यावर ठरेल.

आता काम. तुम्ही एकतीस वर्षं इस्पितळाच्या दारावर स्टुलावर बसलात. माणूस यायचा, काहीतरी पुटपुटायचा, आणि तुम्ही सांगायचात की डावीकडे, दुसरा जिना, खोली नऊ. वेबसाइटच्या दारावरही असं कोणीतरी बसवावं लागतं. येणारा वरच्या पट्टीत पत्ता लिहितो. आधी इस्पितळाचं नाव, मग तिरकी रेघ, मग "वॉर्ड", पुन्हा तिरकी रेघ, मग "हाडं". दारावरचा तो पत्ता वाचतो, माझ्या यादीत बघतो की हे काम कोणाकडे आहे, आणि त्याच्याकडे धाडतो. या धाडण्याला राउटिंग म्हणतात. दार, जिने, धावपळ करणारे असं सगळं तयार मिळतं, त्या तयार सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. यादी मात्र आपली आपण लिहायची.

म्हणजे सध्या मी तुमचंच काम शिकतेय.

तुमची नातसून

२३ जानेवारी

सूनबाई,

माझं काम शिकतेस म्हणे. तुझा दारावरचा वाचतो. मी वाचत नव्हते, मी पाय बघायचे. दोन पायांत दोन वेगळ्या चपला दिसल्या की घाईत निघालाय, त्याचं माणूस अपघाताच्या वॉर्डात. नवे बूट घालून आलेला भेटायला आलाय आणि त्याला लवकर निघायचंय. पाय आपटत येणारा कारकुनाशी भांडायला आलाय, त्याला खिडकी चार. तोंडाने ते काहीही विचारोत. तुझ्या पट्टीत पाय दिसतात का ते कळव.

पण समजावलंस बरं. मी पत्र एका बैठकीत वाचलं आणि कुठे अडले नाही. सासूला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "एवढं सोपं असेल तर पगार कशाचा देतात?" सोपं करून सांगायला किती डोकं लागतं ते तिला कसं कळणार. तिचं तर नेहमी उलटंच असतं.

माझे दोन प्रश्न. एक, यादीत नसलेलंच कोणी विचारलं तर तुझा दारावरचा काय करतो? दोन, एकाच पत्त्यावर यादीतल्या दोघांनी हक्क सांगितला तर तो कोणाकडे धाडतो?

पहिल्याचं माझं उत्तर ठरलेलं होतं. कोणी भलतंच विचारलं की मी म्हणायचे, "इथं असलं काही नाही. आधी डोळे उघडून पाटी वाच, मग तोंड उघड." भलेभले कोटवाले गप्प व्हायचे. नव्या आयांना मोठ्या आया आधी ते वाक्य ऐकवायच्या आणि मग माझी ओळख करून द्यायच्या.

तुझी आजेसासू

४ फेब्रुवारी

आजी,

नमस्कार. तुमचा दुसरा प्रश्न मी टोपीवाल्याला विचारायला हवा होता. वाटलं, मला येतं. त्यात माझे दोन दिवस गेले.

यादीत मी पहिली ओळ अशी लिहिली की "वॉर्ड", रेघ, आणि पुढे काहीही आलं तर ते वॉर्डाचं नाव समज आणि त्याचं पान दाखव. तिच्याखाली दुसरी ओळ की "वॉर्ड", रेघ, "सगळे" असं आलं तर सगळ्या वॉर्डांची यादी दाखव. मग "सगळे" मागितलं तर उत्तर आलं, "सगळे नावाचा वॉर्ड या इस्पितळात नाही." दहा वेळा मागितलं, दहा वेळा तेच. दोन्ही ओळी मी अक्षर अक्षर तपासल्या, दोन्ही बरोबर होत्या. चूक ओळींत नव्हतीच, त्यांच्या क्रमात होती. दारावरचा वरून खाली वाचतो आणि पहिली जुळलेली ओळ धरून थांबतो. "काहीही" घेणारी ओळ वर बसवली की खालच्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. नेमकं वर ठेवायचं, मोघम खाली. हे माझं मला सापडलं. टोपीवाला दोन दिवस मागे उभा राहून बघत होता. सापडल्यावर म्हणाला, "काकू, ही चूक प्रत्येक जण एकदाच करतो." चुकीपेक्षा काकू जास्त लागलं.

आता गंमत ऐका. इस्पितळात चौतीस वॉर्ड आहेत आणि वॉर्डाचं पान मी एकच लिहिलं. छापील अर्जात रिकाम्या जागा असतात ना, तसं. "हा अमुक वॉर्ड, अमुक मजला, भेटायची वेळ अमुक." जो वॉर्ड मागितला त्याची माहिती त्या जागांत जाऊन बसते. याला टेम्पलेट म्हणतात, म्हणजे साचा. शिवाय प्रत्येक पानाच्या माथ्यावरचं नाव आणि तळाचा फोन नंबर एका मोठ्या साच्यात लिहिलाय, बाकीचे साचे त्याच्या पोटात बसतात. उद्या नंबर बदलला तर एका जागी बदलायचा, सगळीकडे बदलतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला सांगाड्याचं उत्तर असं की यादीत नसलेल्या पत्त्यासाठीही एक पान करायचं. चुकून आलेल्यांचं पान. तिथे काय लिहावं सुचेना, म्हणून तुमचं वाक्य तात्पुरतं टाकलंय. ऑफिसात सगळे मुद्दाम खोटे पत्ते टाकून तुमची बोलणी खातायत. बाईसुद्धा दोनदा खाऊन गेल्या. दाखवायच्या आधी काढीन. कच्च्या वेबसाइटचा पत्ता यांना कळवलाय, तुम्हाला दाखवतील.

तुमची नातसून

१२ फेब्रुवारी

सूनबाई,

चौतीस वॉर्ड आणि पान एक, हे मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं. आमच्याकडे रंगारी प्रत्येक वॉर्डाची पाटी वेगळी रंगवायचा, आणि भेटायची वेळ त्याने चार तऱ्हांनी लिहिलेली होती. एकीवर तर सुटायची वेळ यायच्या वेळेच्या आधीची. हे असं करता येतं हे ज्याला पहिल्यांदा सुचलं तो हुशार, आणि ज्या बाईला तिशीत सगळं सोडून ते शिकावंसं वाटलं तीही काही कमी नाही. एवढंच लिहिते, नाहीतर डोक्यावर बसशील. ओळींच्या क्रमाचंही मला पटलं. आमच्याकडे एक मुकादम होता, कुठल्याही कामाला आधी हात वर करायचा, म्हणून बाकीच्यांना कधी काम मिळालंच नाही.

नातवाने काल कॉम्प्युटर उघडून दिला आणि मी एका बोटाने पत्ते टाकले. सगळे चौतीस वॉर्ड फिरले. जिना चढावा लागला नाही. एक चूक सापडली. डोळ्यांच्या वॉर्डाच्या पानावर "मजला" एवढंच आहे आणि पुढे कोरं. आधीच तिथे येणाऱ्याला दिसत नाही, त्यात तू सांगतही नाहीस. भर ते.

मग मुद्दाम भलता पत्ता टाकला. माझंच बोलणं माझ्या तोंडावर. सासूला हाक मारून दाखवलं. ती हसली नाही, पण तिने दोनदा वाचलं.

ते वाक्य काढू नकोस. रागावलं की माणसाच्या लक्षात राहतं आणि तो पुन्हा चुकत नाही. हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे, तुझा दीड महिन्याचा. ठेव.

तुझी आजेसासू

२२ फेब्रुवारी

आजी,

नमस्कार. वीस तारखेला दाखवणं झालं. डोळ्यांच्या वॉर्डाचा मजला भरला होता. बाकी सर्व ठीक. इथली हवा छान आहे. काळजी नसावी.

तुमची नातसून

१ मार्च

सूनबाई,

दोन पत्रांत तुला हवा दिसली नव्हती. तिसऱ्यात एकदम छान आहे.

इस्पितळातून "सगळं ठीक आहे" म्हणत बाहेर पडणारी माणसं मी रोज बघायचे. बोलायची नीट, आणि शेवटच्या पायरीवर पाय चुकायचा. तुझ्या पत्रात तशी पायरी चुकलेली आहे. काय झालं ते लिही. इथे सासूने विचारलं तेव्हा मी "वाहवा झाली" म्हणून सांगून बसलेय. मी कशाबद्दल खोटं बोललेय ते निदान मला तरी माहीत असू दे.

तुझी आजेसासू

८ मार्च

आजी,

तुमच्यापासून लपवायचा प्रयत्न केला, चुकलं.

वीस तारखेला इस्पितळाचे चार जण आले. दोन डॉक्टर, एक कारभारी आणि मोठ्या सिस्टर. पांढरे केस, ताठ पाठ, सगळा वेळ हातातली पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. वेबसाइट भिंतीवर मोठी करून दाखवत होतो. वॉर्ड, वेळा, डॉक्टरांचे वार, सगळं बिनचूक चाललं. एका डॉक्टरांना स्वतः पत्ता टाकून बघायचा होता. त्यांचं बोट एका अक्षरावर चुकलं, आणि भिंतभर तुमचं वाक्य उमटलं.

टोपीवाला हसला. एक डॉक्टरही हसले. मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे जो पत्ता शोधत येतो त्याचं कोणीतरी आत पडलेलं असतं. त्याची बोटं थरथरत असतात. त्याला असं बोलायचं?" त्या उठून गेल्या, मागून बाकीचे.

बाईंनी विचारलं, हे कोणी लिहिलं. मी म्हटलं, मी. ते खोटं नाही. ठेवायचं की काढायचं हे माझ्या हातात होतं आणि मी ठेवलं. तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे. बाईंना आवडलं, ऑफिसला आवडलं, आणि मलाही वाटलं की आपण काहीतरी केलंय. सिस्टर बावीस मार्चला पुन्हा येणार आहेत. त्या नको म्हणाल्या तर इस्पितळाचं काम जाईल, आणि मग मला ठेवायला बाईंकडे कारणच उरणार नाही. मी ते वाक्य काढून "पान सापडलं नाही" एवढं लिहिलंय. बरोबर आहे ते, पण वाचलं की मला दवाखान्याचं काउंटर आठवतं.

तुमची नातसून

१३ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र मिळून दोन दिवस झाले. पहिला दिवस मी त्या सिस्टरला नावं ठेवण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी ती मला बरोबर वाटायला लागली, हे मला आवडलेलं नाही.

मी तुला अर्धंच सांगितलं होतं. ते वाक्य मी बोलायचे हे खरं. पण बोलून झालं की मी स्टुलावरून उठायचे. म्हणायचे, "चल," आणि त्याला त्या दारापर्यंत नेऊन सोडायचे. वाटेत आणखी चार शब्द ऐकवायचे, पण सोडायचे. रागावलेली बाई पुढे चालतेय म्हटल्यावर कोणाला तिच्या रागाचं काही वाटत नाही. लोक उलट हसायचे.

हे मी कोणाला सांगत नाही, कारण दार सोडून जायची आम्हाला मनाई होती. त्यापायी मला दोनदा लेखी ताकीद मिळाली आणि एकदा स्टूल काढून घेतलं, तेव्हा मी महिनाभर उभी होते. तुझ्या आजेसासऱ्यांनाही त्यातलं काही कळू दिलं नव्हतं. म्हणून वाक्याची फुशारकी मारत राहिले आणि उठण्याचं गाळलं. तू बिचारीने जेवढं सांगितलं तेवढं लिहिलंस.

तुझं पान रागावतं आणि जागेवर बसून राहतं. त्यात खोट आहे. आणि नवीन केलंस ते तर रागावतही नाही, नुसतं बसतं. ते वाक्य गेलं तर जाऊ दे, मला काही वाटणार नाही. त्या पानाला उठायला लाव. कसं ते मला विचारू नकोस, ते तुझं काम आहे. माझं डोकं तिथे चालत नाही आणि तुझं चालतं हे मी चौतीस वॉर्ड फिरून बघितलंय.

बाईंना सांग वाक्य माझं होतं. माझ्या चुका दुसऱ्यांनी अंगावर घेतलेल्या मला खपत नाहीत.

तुझी आजेसासू

२४ मार्च

आजी,

नमस्कार. ते पान उठायला लागलं.

तुमचं पत्र टेबलावर उघडून ठेवलं आणि विचार केला, माणूस चुकीच्या पत्त्यावर आला म्हणजे त्याच्याकडे काहीच नाही असं नसतं. चुकलेला का होईना, पत्ता त्याच्याकडे असतो. तो मी टाकून देत होते. आता नाही टाकत. त्याने लिहिलेलं माझ्या यादीतल्या प्रत्येक नावाशी जुळवून बघते, आणि सगळ्यात जवळची तीन नावं त्याच्यासमोर ठेवते. "तुम्हाला इथे जायचं आहे का?" एक बोट लावलं की तिथे पोचतो. काहीच जुळलं नाही तर सगळ्या वॉर्डांची यादी तिथेच उघडते आणि खाली चौकशीचा फोन. दुसऱ्या वॉर्डांत मिसळलेल्या दोन वॉर्डांची जुनी नावंही यादीत घातली, म्हणजे जुनी चिठ्ठी घेऊन आलेला थेट नव्या जागी जातो, आपण चुकलो हे त्याला कळतही नाही. टोपीवाल्याने वाचून बघितलं आणि म्हणाला, हे मला सुचलं नसतं. काकू म्हणाला नाही.

परवा सिस्टर एकट्याच आल्या. पर्स मांडीवर. त्यांनी इतर काही बघितलंच नाही, लागोपाठ चुकीचे पत्ते टाकत राहिल्या. अकरा वेळा. शेवटी डोळे मिटून टाकला. त्यालाही पानाने तीन नावं पुढे केली. त्या म्हणाल्या, "हे कोणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं, स्टुलाचंही आणि ताकिदींचंही. त्या म्हणाल्या, "माझ्याही दारावर एक अशी होती. तिला ताकीद मीच दिली होती."

काम मंजूर झालं. बाईंनी मला एक तारखेपासून कायम केलंय. आणि सिस्टरांनी सांगितलंय की यादी पुरी करायच्या आधी दोन दिवस इस्पितळाच्या दारावर बसून ऐक. पुढच्या महिन्यात जातेय. काय ऐकू तेवढं सांगा.

तुमची नातसून

३० मार्च

सूनबाई,

तुझं पत्र जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं, जोडाक्षरांसकट. सासरे चक्क बोलले. म्हणाले, "परत वाच." सासू म्हणाली, "म्हणजे आता येणार नाही ती." मी म्हटलं, नाही, तुझा मुलगा जाईल तिकडे. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, तुझ्या खोलीत पाणी किती वाजता येतं. नातू मेमध्ये निघतो. त्याला भांडी घासता येतात, मी तपासलंय.

मी काल त्या पानाला हरवायला बसले होते. सकाळ गेली, हरलं नाही. एकदा मी नुसती सात अक्षरं आपटली, तर त्याने सबंध यादी उघडून दिली आणि खाली फोन लिहिला. मी एकतीस वर्षांत जेवढ्यांना दारापर्यंत सोडलं तेवढे तुझ्या त्या पानावर एका आठवड्यात येतील, आणि त्याला कोणी ताकीद देणार नाही. हे तू केलंस. मी फक्त सांगितलं, आणि तेही आधी चुकीचं.

आता दारावर काय ऐकायचं ते. तुझी यादी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वॉर्ड आहेत, डॉक्टर आहेत, वेळा आहेत. ते सगळं लोक विचारतातच. पण माणूस लांबून आलेला असतो. आत शिरल्यावर तो पहिलं विचारतो संडास कुठे आहे. दुसरं विचारतो प्यायचं पाणी कुठे. वॉर्ड तिसरा. तुझ्या यादीत पहिली दोन नाहीत. घाल, आणि सगळ्यात वर घाल. बाईंना लाज वाटली तर सिस्टरला विचारा म्हणावं, ती हो म्हणेल.

तुझी आजेसासू